हुसैन: पंढरपूरचे चित्रकार, त्यांचा कॅमेरा आणि चित्रांवरची बंदी

नांदूरघाट (ता. केज, जि. बीड): मकबूल फिदा हुसैन यांचा जन्म 17 सप्टेंबर 1915 रोजी पंढरपूरला झाला, आणि 9 जून 2011 रोजी लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. पंच्याण्णव वर्षांच्या आयुष्यात त्यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली, हजारो चित्रं काढली, फोटो काढले, सिनेमे केले. पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण हे तिन्ही किताब त्यांना मिळाले. आणि शेवटची पाच वर्षं त्यांना स्वतःच्या देशात परत येता आलं नाही.

नांदूरघाटहून कळंब, बार्शी करत निघालं की पंढरपूर काही तासांवर आहे. इतक्या जवळच्या माणसाबद्दल आपल्या घरांमध्ये मात्र दोनच वाक्यं ऐकू येतात: "तो घोड्यांची चित्रं काढणारा" किंवा "तो वादवाला". नव्या पिढीला तर नावही धड ठाऊक नाही. म्हणून त्यांचं आयुष्य, त्यांच्यावर आलेली बंदी, त्यामागचं राजकारण आणि कायदा हे सगळं एका ठिकाणी मांडायचं आम्ही ठरवलं. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि एका फोटोवरून गाव पेटू शकतं. त्यामुळे हा विषय फक्त मोठ्या कलाकारांपुरता राहिलेला नाही.

पंढरपूर, इंदूर, मुंबई

हुसैन यांचं घराणं सुलेमानी बोहरा. आई झुनैब त्यांच्या अगदी लहानपणी, ते जेमतेम दीड वर्षाचे असताना वारल्या. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही, असं ते आयुष्यभर सांगत. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना चेहरा नाही, त्याचा धागा जाणकार इथे जोडतात. पुढे वडील फिदा हुसैन कुटुंब घेऊन इंदूरला गेले. लहानपणी मकबूल यांनी मदरशात कुफी लिपीची सुलेखनकला शिकली. अक्षराची रेघ एका दमात, न थांबता ओढायची सवय तिथे लागली. ती रेघ पुढे त्यांच्या घोड्यांत दिसते.

1930च्या दशकात ते मुंबईत आले आणि सिनेमाची होर्डिंग रंगवू लागले. मजुरी चौरस फुटामागे काही आणे. शिडीवर चढून, रस्त्याच्या कडेला, वीस-तीस फुटी चेहरे रंगवायचे. 1941 मध्ये फझीला बीबी यांच्याशी लग्न झालं. घर चालवण्यासाठी लाकडी खेळणी आणि लहान मुलांचं फर्निचर करण्याचं कामही त्यांनी केलं.

1947 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचं चित्र बक्षीसपात्र ठरलं. त्याच सुमारास गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ओढलं. या गटात सूझा ख्रिस्ती, रझा आणि हुसैन मुसलमान, आरा, गाडे आणि बाकरे हिंदू. फाळणीच्या दंगलींचा तो काळ. त्या काळात मुंबईत ही सहा माणसं एकत्र बसून नव्या देशाची चित्रकला घडवत होती. 1955 मध्ये हुसैन यांच्या 'जमीन' या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1971 मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या प्रदर्शनात पिकासोबरोबर खास पाहुणे म्हणून त्यांना बोलावणं आलं.

ते अनवाणी का चालत, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. 1964 मध्ये कवी गजानन माधव मुक्तिबोध वारले. मुक्तिबोधांची घरची भाषा मराठी, लेखन हिंदी. त्यांच्या अंत्ययात्रेपासून आपण चप्पल सोडली, असं हुसैन सांगत.

राममनोहर लोहिया यांच्या सांगण्यावरून त्यांनी रामायणावर मोठी चित्रमालिका केली. हैदराबादचे बद्रीविशाल पित्ती यांच्या घरी राहून हे काम झालं. ती चित्रं बैलगाडीतून हैदराबादच्या आसपासच्या गावांत नेऊन लोकांना दाखवली गेली. खेड्यातल्या लोकांनी तेव्हा ती पाहिली, आपली मानली. पुढे जे घडलं ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कॅमेरा हाती घेतलेला चित्रकार

हुसैन यांना लोक चित्रकार म्हणून ओळखतात, पण कॅमेरा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. 1967 मध्ये त्यांनी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा लघुपट केला. राजस्थानातल्या भिंती, माणसं, जनावरं, छत्री, कंदील अशी दृश्यं एकामागून एक येतात. निवेदन नाही, गोष्ट नाही. बर्लिनच्या महोत्सवात या लघुपटाला सर्वोच्च मानाचं 'गोल्डन बेअर' मिळालं.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला ते मद्रासच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन फिरले. विषय होता सिनेमाची प्रचंड होर्डिंग आणि त्यांच्या पायथ्याशी चाललेलं रोजचं जगणं. वर वीस फुटी नायिका, खाली झोपलेला मजूर, सायकल, पाण्याची घागर. एकेकाळी ही होर्डिंग स्वतः रंगवणारा माणूस आता ती खालून, रस्त्यावरच्या माणसाच्या उंचीवरून टिपत होता. ही फोटोमालिका 'कल्चर ऑफ द स्ट्रीट्स' या नावाने ओळखली जाते.

पुढे त्यांनी दोन मोठे सिनेमे केले: माधुरी दीक्षित यांना घेऊन 'गजगामिनी' (2000) आणि तब्बू यांना घेऊन 'मीनाक्षी' (2004). यातल्या दुसऱ्याची गोष्ट पुढे येतेच.

सत्तेच्या जवळ

एखाद्यावर अन्याय झाला की त्याचं सगळं आयुष्य पांढरं करून सांगायची आपल्याला सवय आहे. ते टाळायला हवं. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर पूर्वनियंत्रण आलं, म्हणजे मजकूर आणि फोटो छापण्याआधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवायचे. महाराष्ट्रात दुर्गा भागवतांनी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून याचा निषेध केला आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्याच वेळी हुसैन यांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात दाखवणारं चित्र काढलं. त्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. 1986 मध्ये ते राज्यसभेवर राष्ट्रपतीनियुक्त खासदार झाले.

ही नोंद इथे करायचं कारण आहे. सत्तेच्या जवळ असणं हे कलाकाराचं संरक्षण नसतं. सरकार बदलतं, हवा बदलते, आणि काल सन्मान देणारं राज्य आज पाठीशी उभं राहील याची हमी नसते. किताब कपाटात राहतात आणि समन्स दारात येतं.

1996: वीस वर्षं जुनं चित्र

1970च्या दशकात हुसैन यांनी सरस्वतीचं एक रेखाचित्र काढलं होतं. साध्या रेषांचं, वस्त्र न दाखवलेलं. सुमारे वीस वर्षं त्यावर कोणी काही बोललं नाही. 1996 मध्ये भोपाळच्या 'विचार मीमांसा' या हिंदी मासिकाने ते चित्र छापून हुसैन यांच्यावर जहाल लेख लिहिला. तेव्हा महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. सांस्कृतिक खात्याचे मंत्री प्रमोद नवलकर यांनी तो लेख मुंबई पोलिसांकडे धाडला आणि ऑक्टोबर 1996 मध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्याच महिन्यात अहमदाबादच्या गॅलरीत बजरंग दलाच्या लोकांनी घुसून त्यांची चित्रं आणि भिंतीवर टांगायची विणकामं फाडली, जाळली. 1 मे 1998 रोजी, महाराष्ट्र दिनी, मुंबईतल्या कफ परेडच्या त्यांच्या घरावर हल्ला झाला.

हुसैन यांनी भावना दुखावल्याबद्दल माफी मागितली. ती पुरली नाही.

इथे बंदीचं एक वेगळं रूप दिसतं. सरकारने कुठलंही चित्र अधिकृतपणे जप्त करायचा आदेश काढला नव्हता. कुणीतरी तक्रार करतं, कुणीतरी तोडफोड करतं, पोलीस चित्रकारावर गुन्हा नोंदवतात, आणि मग गॅलरीवाले स्वतःहून चित्र उतरवतात. 2008 मध्ये दिल्लीच्या मोठ्या कलामेळ्यात हुसैन यांचं एकही चित्र ठेवलं गेलं नाही. त्याचा निषेध म्हणून 'सहमत' या संस्थेने त्यांच्या चित्रांच्या प्रतींचं वेगळं प्रदर्शन भरवलं, तर त्याचीही मोडतोड झाली.

2006: देश सुटला

फेब्रुवारी 2006 मध्ये काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठी होणाऱ्या लिलावाची जाहिरात आली. त्यात हुसैन यांचं एक चित्र होतं: भारताच्या नकाशाच्या आकारात वस्त्रहीन स्त्री. 'भारतमाता' हे नाव त्यांनी दिलेलं नव्हतं, असं त्यांच्या बाजूने पुढे कोर्टात सांगितलं गेलं. त्यांनी पुन्हा माफी मागितली, चित्र लिलावातून काढून घेतलं. तरी देशभरात खटले दाखल झाले. पंढरपूर, राजकोट, इंदूर, भोपाळ. ज्या गावात जन्म झाला तिथून तक्रार, आणि जिथे बालपण गेलं तिथूनही.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. डेन्मार्कच्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांमुळे जगभरचे मुसलमान दुखावले होते. ते दुःख खरं होतं. पण उत्तर प्रदेशातल्या एका मंत्र्याने त्या व्यंगचित्रकाराचं शिर आणणाऱ्याला 51 कोटी रुपये जाहीर केले. पाठोपाठ एका हिंदू संघटनेच्या पुढाऱ्याने हुसैन यांना मारणाऱ्याला तेवढेच 51 कोटी जाहीर केले. दोन्ही बाजूंचा आकडाही सारखाच. एकाने उघडलेल्या दारातून दुसरा आत आला.

हुसैन भारत सोडून दुबई आणि लंडनला राहू लागले. वय नव्वदीच्या पुढे. गावोगावच्या कोर्टात तारखांना हजर राहणं त्या वयात शक्य नव्हतं, आणि हजर राहिले तर जिवाची हमी नव्हती.

कोर्टाने काय सांगितलं

सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या राज्यांतले खटले दिल्लीला एकत्र केले. 8 मे 2008 रोजी दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी निकाल देऊन हे खटले रद्द केले. निकालाचा मथितार्थ असा: नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, भारतीय शिल्पात आणि चित्रात देहाचं चित्रण जुनं आहे, चित्र पूर्ण पाहायचं असतं, आणि नव्वदीच्या चित्रकाराने आपल्या घरी बसून चित्रं काढावीत, कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत. दूरच्या गावातून आलेल्या अशा तक्रारी नीट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नयेत, हेही कोर्टाने सुचवलं. सप्टेंबर 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा निकाल बदलायला नकार दिला.

म्हणजे कायद्याने हुसैन जिंकले. तरी ते परत आले नाहीत. 2010 मध्ये कतारने त्यांना नागरिकत्व देऊ केलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी भारतीय पासपोर्ट परत केला. 2011 मध्ये वारले तेव्हा त्यांचा दफनविधी इंग्लंडमधल्या ब्रुकवूड कब्रस्तानात झाला. खटला संपला तरी भीती संपत नाही, हे यातून दिसतं.

आजही प्रकरण पूर्ण थंड झालेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या एका कोर्टाने तक्रारीवरून त्यांची दोन चित्रं जप्त करायचा आदेश दिला. दोनच महिन्यांनी, मार्च 2025 मध्ये, न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे 118 कोटी रुपयांना विकलं गेलं.

बंदी आपल्याही बाजूने आली

'मीनाक्षी' एप्रिल 2004 मध्ये थिएटरला लागला. सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र होतं. त्यातल्या एका कव्वालीत सूरह नूरमधले शब्द नायिकेच्या सौंदर्यासाठी वापरले, असा आक्षेप मुंबईतल्या काही मुस्लिम संघटनांनी आणि उलेमांनी घेतला. काही दिवसांत सिनेमा थिएटरांतून उतरवला गेला.

कुरआनच्या शब्दांचा आदर राखला जावा, ही अपेक्षा प्रत्येक मुसलमानाची असते आणि ती सांगायचा हक्कही आहे. पण नाराजी सांगणं एक आणि प्रमाणपत्र मिळालेला सिनेमा दबावाने उतरवणं दुसरं. 1996 मध्ये जी पद्धत हुसैन यांच्यावर वापरली गेली, ती 2004 मध्ये आपल्यातल्या काहींनी वापरली. मग 2006 मध्ये "आमच्या माणसावर अन्याय झाला" असं म्हणताना आपला आवाज थोडा खाली आला, हे मान्य करायला हवं. आमचं म्हणणं एवढंच आहे: जे माप आपण दुसऱ्याला लावतो, ते आपल्यालाही लागतं.

आणखी एक प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येणारच. सजीवांची चित्रं काढण्याबद्दल आणि फोटोबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही घरांत भिंतीवर एकही फोटो नसतो आणि त्या घरांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. मसला विचारायचा तर आपल्या जाणकार आलिमांना विचारावा. ते या लेखाचं काम नाही. पण स्वतः एखादी गोष्ट न करणं आणि दुसऱ्याने केली म्हणून त्याच्या जिवावर उठणं, यात फरक आहे. त्यावर मतभेद असू नयेत.

मराठवाड्याला हे नवं नाही

आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे 'गश्ती निशान 53' नावाचं फर्मान होतं. परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. बाहेरच्या अनेक वर्तमानपत्रांना संस्थानात बंदी असे. याच दरबाराने राजा दीनदयाल या फोटोग्राफरला मोठा मान दिला. सहाव्या निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. दरबाराचे देखणे फोटो हवे होते, दरबारावरची टीका नको होती.

ऑगस्ट 1948 मध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. रझाकारांच्या विरोधात आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने त्यांनी लिहिलं होतं. मारणाऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. लिहिणारा मुसलमान, मारणारे मुसलमान. आपल्या मुलांना हे नाव शाळेत कुणी सांगत नाही, ते घरात सांगायला हवं.

आजचे फोटोग्राफर

बांगलादेशचे शाहिदुल आलम हे आज जगातल्या नामवंत फोटोग्राफरपैकी एक. 1955 चा जन्म, लंडनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग फोटोग्राफी. ढाक्यात 1989 मध्ये त्यांनी 'दृक' ही संस्था उभी केली आणि 1998 मध्ये 'पाठशाला' ही फोटोग्राफीची शाळा. 2010 मध्ये त्यांनी 'क्रॉसफायर' हे प्रदर्शन भरवलं. सुरक्षा दलाच्या चकमकींत मारल्या गेलेल्या लोकांचा विषय. फोटोंत ना मृतदेह, ना रक्त. ज्या जागी माणसं मारली गेली तशा रिकाम्या जागा, रात्रीच्या अंधारात एका झोतात उजळलेल्या. उद्घाटनाआधीच पोलिसांनी गॅलरीचं दार अडवलं. पुढे ऑगस्ट 2018 मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर मुलाखत दिली म्हणून साध्या वेशातल्या लोकांनी त्यांना रात्री घरातून उचललं. शंभरहून जास्त दिवस ते तुरुंगात होते. तिथे सरकारही मुसलमानांचं आणि फोटोग्राफरही मुसलमान. बंदीला धर्म लागत नाही, सत्ता लागते.

आपल्या देशात काश्मीरच्या मसरत जहरा या फोटोपत्रकारावर एप्रिल 2020 मध्ये सोशल मीडियावरच्या फोटोंवरून यूएपीए लावला गेला. सन्ना इरशाद मट्टू यांना जुलै 2022 मध्ये पॅरिसच्या फोटोप्रदर्शनाला जाताना दिल्ली विमानतळावर थांबवलं, आणि ऑक्टोबरमध्ये पुलित्झर पुरस्कार घ्यायला अमेरिकेला जाताना पुन्हा थांबवलं. व्हिसा होता, तिकीट होतं. तरी जाता आलं नाही.

कायदा काय सांगतो

घटनेच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे. लिहिणं, बोलणं, चित्र आणि फोटो हे सगळं त्यात येतं. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अशा कारणांसाठी कायद्याने वाजवी बंधनं घालता येतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा कलमांचे आकडे बदलले:

- धर्म, जात यावरून तेढ वाढवणं: आधी 153अ, आता 196.
- धार्मिक भावना जाणूनबुजून, वाईट हेतूने दुखावणं: आधी 295अ, आता 299.
- अश्लील मजकूर, चित्र विकणं किंवा पसरवणं: आधी 292, आता 294.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, 299 मध्ये 'जाणूनबुजून आणि वाईट हेतूने' हे सिद्ध करावं लागतं. कुणाला राग आला एवढ्यावर गुन्हा होत नाही. दोन, 196 आणि 299 या कलमांखाली कोर्टाने खटला चालवायला घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. ही मंजुरी होती का, हे वकिलाने सगळ्यात आधी तपासावं.

आपल्या घरातल्या मुलांसाठी

जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरच्या फोटोंवरून दंगल झाली. स्टेटस ठेवणारी काही मुलं अल्पवयीन होती. दुकानं फुटली ती मात्र ज्यांनी काहीच ठेवलं नव्हतं त्यांचीही. म्हणून आम्ही पालकांना हे सांगू इच्छितो:

- मुलांना धाक घालून गप्प करू नका, पण फरक समजवा. स्वतः काढलेला, खरा, अर्थ असलेला फोटो ही एक गोष्ट. कुणीतरी चिथवण्यासाठी पाठवलेला, आपण न बघता पुढे ढकललेला फोटो ही दुसरी.
- पोलिसांनी मुलाला बोलावलं तर एकट्याला पाठवू नका. वकील सोबत घ्या. फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याची प्रत मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.
- ज्यांना चित्रकलेची खरी आवड आहे त्यांना शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसवा. पुढे मुंबईचं सर जे. जे. आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आहे.
- लग्नाचे, आधारचे, हजच्या अर्जाचे फोटो काढणाऱ्या गावातल्या स्टुडिओवाल्यांकडेही मोठं काम आहे. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, टँकरमागची रांग, जुन्या मशिदी, बाजार, आपल्या वडीलधाऱ्या माणसांचे चेहरे: हे जपून, तारीख घालून ठेवलं तर पन्नास वर्षांनी तोच आपल्या गावाचा दस्तऐवज ठरेल.

हुसैन यांच्या आयुष्यातून आम्ही एवढंच घेतो. ते प्रत्येक वेळी बरोबर होते असं नाही. त्यांची सगळी चित्रं सगळ्यांना आवडावीत असंही नाही. पण न आवडलेल्या चित्रासमोरून पुढे जाता येतं, त्यावर लिहिता येतं, त्याविरुद्ध बोलता येतं. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला सरेमध्ये दफन व्हावं लागलं, कारण हे साधे मार्ग आपल्याला पुरेसे वाटले नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांच्या नावाचं मोठं संग्रहालय उघडलं, तेही दोह्यात. महाराष्ट्रातल्या पोरांना ते बघायचं तर आधी पासपोर्ट काढावा लागेल.

थोडक्यात सनावळी

1915: पंढरपूर येथे जन्म
1947: प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सहभाग
1955: 'जमीन' चित्राला राष्ट्रीय पुरस्कार
1967: लघुपटाला बर्लिनचं गोल्डन बेअर
1986: राज्यसभेवर नियुक्ती
1991: पद्मविभूषण
1996: मुंबईत गुन्हा दाखल, अहमदाबादेत चित्रांची जाळपोळ
1998: मुंबईतल्या घरावर हल्ला
2004: 'मीनाक्षी' थिएटरांतून उतरवला
2006: भारत सोडला
2008: दिल्ली हायकोर्टाने खटले रद्द केले
2010: कतारचं नागरिकत्व
2011: लंडन येथे निधन